सहाचा वेग

१

सिंदेवाहीला पिकअपचा फाळका खाली पाडला, ताडपत्री ओढली, तर आत बारदाना होता, खताची दोन पोती होती, जुना वजनकाटा होता. पेटी नव्हती.

चौदा किलोची पत्र्याची पेटी. आत नोंदणीसाठी निघालेलं धानाच्या नव्या वाणाचं बियाणं, झाकणावर लाखेचं सील. मंगळवारी सकाळी सव्वादहाला ब्रह्मपुरीच्या गोदामातून निघाली आणि साडेअकराला सिंदेवाहीच्या तांदूळ संशोधन केंद्राच्या फाटकावर गायब. मधल्या सव्वा तासात गाडी एकदाही थांबली नव्हती. हे नुसतं ड्रायव्हर सांगत नव्हता. गाडीत बसवलेला जीपीएसचा डबा सांगत होता, आणि त्याला ना भाऊ ना जात. फाळक्याची कडी लागलेली होती, साखळी जागच्या जागी होती.

बुधवारी दुपारी गुणवंतराव भोयर माझ्या दारात उभे. बियाण्याच्या कंपनीचे मालक. आजवर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पायरी त्यांनी चढली नव्हती.

"बाई, देवानंद नान्हे तुमचाच चेला ना?"

"माझाच."

"मंग त्याच्याकडून कबुली काढा. शुक्रवारपर्यंत टाइम देतो. नाईतर वडशापासून सिंदेवाहीपर्यंत कोणी त्याच्या हातात स्टेअरिंग देणार नाई, हे मी पाह्यतो."

"पोलिसात काऊन नाई गेले, भाऊ?"

ते रुमालानं मान पुसत राहिले. मे महिन्यात घाम येतोच, पण हा घाम प्रश्नानंतर आला. "घरचा मामला आहे," म्हणाले. "उगाच बोभाटा कशाले?"

मी सत्तावीस वर्षं गाडी शिकवते. ब्रह्मपुरीत बाई गाडी शिकवते म्हणून लोक हसले, मग त्यांच्याच सुना शिकायला आल्या. इंग्रजी मला शाळेनं शिकवलं नाही. गाडीसोबत येणारी पुस्तकं आणि एक फाटका शब्दकोश, यांच्या उरावर बसून मी ते शिकले. गुणवंतरावांनी डब्याचा छापील अहवाल माझ्यापुढे टाकला.

"आमच्या गोदामातल्या घनश्यामनं वाचलं. तीन जागी ब्रेक मारला म्हणते."

मी वाचलं. माझं डोकं फिरलं. "भाऊ, इथं तीन येगळे शब्द आहेत. तिघांचा ब्रेक कसा झाला?"

"वेग कमी केला तो केला ना? बाल की खाल काऊन काढता?"

माझ्या भिंतीवर एक तक्ता आहे. पोरंपोरी हसतात त्याला, पण तो पाठ झाल्याशिवाय मी कुणाला गाडीत बसू देत नाही. स्लो डाउन म्हणजे काहीही करून हळू होणं. कसं झालं ते तो शब्द सांगत नाही. ब्रेक म्हणजे पाय दाबून चाक धरणं. हार्श ब्रेक म्हणजे जीव मुठीत घेऊन धरणं. डिसिलरेशन म्हणजे पायरी-पायरीनं वेग उतरवणं. आणि कोस्टिंग म्हणजे पाय उचलून घ्यायचा, गाडीला तिच्या मनानं जाऊ द्यायचं, दम संपेपर्यंत. आपण या सगळ्याला 'गाडी हळू केली' म्हणतो आणि मोकळे होतो. अपघातानंतरही तेच म्हणतो.

अहवालात पहिली नोंद दहा एकतीसची. हार्श ब्रेक, अठ्ठावन्नवरून चारवर, तीन सेकंदांत, लाल शाईत. दुसरी दहा पन्नासची, डिसिलरेशन, पन्नासवरून पंधरावर. तिसरी अकरा चारची, कोस्टिंग. शेहेचाळीसवरून सहावर यायला पंचावन्न सेकंद. ब्रेकला पाय लागलेला नाही. मग पस्तीस सेकंद गाडी सहाच्याच वेगानं चालली आणि पुन्हा पळाली.

इतका हलका पाय या तालुक्यात एकाच माणसाचा आहे. आणि तो मीच घडवला होता.

२

देवानंद गोदामामागे कडुनिंबाखाली पिकअपच्या केबिनमध्ये बसला होता. चाव्या काढून घेतल्या होत्या, तरी हात स्टेअरिंगवर. वैनगंगेकाठच्या ढिवराचा पोरगा. बापानं जाळं दिलं होतं, यानं गाडी मागितली. आता चाळिशी ओलांडली. काचेपाशी नदीतले पांढरे गोटे ओळीनं मांडले होते. सात.

"काय गा, हे काय देव मांडले?"

"असेच, बाई."

"पहिला ब्रेक कायचा?"

"नागभीडच्या अलीकडं बकऱ्या आल्या आडव्या. दाबला कचकन."

"दुसरा?"

"शाळेपासचे गतिरोधक."

"अन् अकरा वाजून चार मिनिटांनी?"

त्यानं काचेबाहेर बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, एक कोंबडी माती उकरत होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

"देवानंद, पाय काऊन उचलला?"

"चढ होता."

"चढावर पाय दाबतात. मी तुले उलटं शिकवलं काय?"

त्यानं स्टेअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"आरशात पाह्यलं होतं?"

माझ्या शाळेत शिव्यांपेक्षा जास्त वेळा हे वाक्य ऐकू येतं. आरसा पाहा. वेग कमी करताना आरसा, वाढवताना आरसा, शिंकताना आरसा. देवानंद एकटा असा होता की त्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"नाई पाह्यलं, बाई," तो म्हणाला. मान खाली. "तिथी नाई पाह्यत मी."

"तिथी म्हणजे कुठी?"

त्यानं काचेपाशी हात नेला. एक गोटा उचलला, मुठीत धरला, परत ठेवला. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको कमळा मोहफुलं वेचताना वाघानं नेली तेव्हा मी त्याच्या दारात गेले होते. तेव्हाही हे असंच तोंड होतं. पण आज काय झालं होतं? एक पेटी हरवली होती. पेटीसाठी माणूस असं तोंड करत नाही.

"बाई, माह्या नावावर टाका," तो एकदम म्हणाला. "मीच नेली म्हणा. गाडी सुटली त सुटली. आता त्या रस्त्यानं जाऊन तरी काय करू?"

"बरं. तू नेली. मंग कुठी ठेवली?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत लबाडी नावाला नव्हती.

"ते मले मालूम नाई."

३

चोरी कबूल करणारा आणि माल कुठे ते माहीत नसणारा चोर मी पहिल्यांदाच पाहत होते. मी गोदामात शिरले.

घनश्याम हा गोदामाचा कारभारी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडात खर्रा, कायम घाईत. त्याच्या मेव्हण्यानं बियाण्याचं नवं दुकान टाकलं होतं, त्यामुळे गावभर संशय त्याच्यावर होता, आणि ते त्याला ठाऊक होतं.

"मले काय पाह्यता, बाई? मी मोटरसायकलनं पहिलेच सिंदेवाहीले पोचलो होतो. केंद्राच्या चौकीदाराले विचारा. या पिकअपमध्ये मी आजवर बसलो नाई, धूळ सोसत नाई मले. फाळका मीच उघडला."

"कडी कशी होती?"

"लागली होती ना. साखळीले पीळ पण होता."

"कायचा पीळ?"

त्यानं मला गाडीमागे नेऊन दाखवलं. साखळी लांब पडते. नुसती अडकवली तर खड्ड्यात कडी उसळून निघते, म्हणून गोदामातली माणसं साखळीला एक उलटा पीळ देऊन मग अडकवतात. अनोळखी माणसाला हे सुचत नाही. हिसका देऊन बघेल आणि सोडून देईल.

"हमालांच्या हातची सवय आहे," घनश्याम म्हणाला. "मालकाले विचारा, त्यांले साखळी आहे हेही माहीत नसंल."

"पेटी कोणी चढवली?"

"कुंतानं. शेवटी ठेवली, फाळक्यापाशी. मंग दहालेच घरी गेली, डोकं दुखून राह्यलं म्हणे."

कुंता पोत्यांच्या थप्पीशी बसली होती. कमळाची धाकटी बहीण. पस्तीस वर्षांची, पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेणारी. पदर कपाळापर्यंत ओढला होता. उन्हाळ्यात गोदामात पदर ओढून कोण बसतं? मी समोर बसले आणि सरळ पदर मागे सारला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, निळं पडलेलं.

"हे काय वं?"

"शटरवर आदळली, बाई. काल."

"काल म्हणजे मंगळवारी निघतानी?"

"हव."

"घनश्याम," मी तिथूनच ओरडले, "कुंता घरी गेली तवा कपाळाले काही लागलं होतं?"

"नाई वो! चांगली धडधाकट गेली. मीच म्हटलं, डोकं दुखते अन् हासतेस काऊन?"

"हासत होती?"

"हासत नाई म्हणजे... पेटीवरची चिठ्ठी वाचली अन् हासली. तसं हासणं."

कुंतानं पदर परत ओढला. मी विचारलं, "काय होतं चिठ्ठीवर?"

ती उठली, पोतं उचललं आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मले वाचता येते, बाई. हेच माह्यं चुकलं."

४

गुरुवारी मी माझी शाळेची गाडी काढली, अहवाल मांडीवर घेतला आणि सिंदेवाहीच्या रस्त्याला लागले.

पहिली जागा. उघडं माळरान, बकऱ्यांच्या लेंड्या, चहाची टपरी, टपरीवर सहा-सात जण. चारच्या वेगावर गाडी इथे एखादा सेकंद होती. तेवढ्यात पेटी काढून साखळीला पीळ देऊन कडी लावणं, तेही सात जणांसमोर? गुणवंतरावांची लाल शाई इथेच वाळली.

दुसरी जागा. गतिरोधक. पंधराच्या खाली वेग आलाच नाही. पंधराच्या वेगानं चालणाऱ्या गाडीमागे माणसाला धावावं लागतं, आणि चौदा किलो घेऊन धावणारा माणूस मी पाहिलेला नाही.

तिसरी जागा जंगलात होती. दोन्ही बाजूंना पानगळीनं उघडा पडलेला साग, पुढे लांबलचक चढ. मी शेहेचाळीसवर पाय उचलला. गाडी आपल्या मनानं मंद होत गेली. बाहेरचा आवाज वाढत गेला, आधी टायरचा, मग पाचोळ्याचा, मग पाखरांचा. तीस, वीस, बारा. पहिला गिअर. काटा सहावर आला तेव्हा उजव्या हाताला, ड्रायव्हरच्या खिडकीला लागून, दगडांचा ढीग दिसला.

काळे, ओबडधोबड दगड. वाळलेल्या डहाळ्या. आणि त्यांच्यामध्ये पांढरे, गुळगुळीत, नदीतले गोटे. मोजायला लागले आणि सोडून दिलं. शेकड्यानं होते.

डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेला एक म्हातारा मागून येत होता. इतवारी नाव, जवळच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा.

"बाबा, ही कोणाची जागा?"

"ढिवराची बाई होती. मोहं येचाले आली, वाघानं धरली." त्यानं वाकून एक खडा उचलला, ढिगावर टाकला. "जाणाऱ्यानं दगड द्याव. इथी थांबाचं नाई, तिले वाटते घ्याले आले. पळाचंही नाई, तिले वाटते टाकून गेले. हळू जाव. अन् मांगं पाहाचं नाई."

"काऊन?"

"मांगं पाह्यलं त जे बसलं असंल ते उतरते."

मी गाडीत बसून राहिले. पिकअप आठवड्यातून दोन खेपा मारते. सहा वर्षं. प्रत्येक वेळी तो चढाच्या खालून पाय उचलत आला असेल, ब्रेक न लावता, कारण ब्रेक म्हणजे थांबवणं आणि इथे थांबायचं नव्हतं. डब्यानं ते कोस्टिंग म्हणून लिहिलं. डबा तरी काय करणार, त्याच्याकडे तेवढाच शब्द. शुक्रवारनंतर या माणसाचं स्टेअरिंग गेलं तर पगार जाईल तो जाईल, हा रस्ता जाईल. गोटे काचेपाशी पडून राहतील.

पण मग काल तो 'आता त्या रस्त्यानं जाऊन काय करू' का म्हणाला?

ते बाजूला ठेवलं. "बाबा," मी म्हणाले, "तुमच्या चालीनं चाला, मी बाजूनं येतो."

इतवारी भारा घेऊन चालू लागला. मी पहिल्या गिअरात, पाय अधांतरी. खिडकी आणि त्याचा खांदा एका रेषेत. तो पुढे जाईना, मी पुढे जाईना. मी काट्याकडे बघितलं.

सहा.

सहाचा वेग म्हणजे डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचा वेग. पेटी धावत्या गाडीतून उडाली नव्हती. ती कुणाच्या तरी डोक्यावर बसून, चालत, गाडीतून उतरली होती.

५

कुंताचं घर ढिवरपुऱ्याच्या टोकाला. संध्याकाळी गेले तेव्हा ती भाकर थापत होती. मी उंबऱ्यावर बसले.

"कुंता, मी एक गोष्ट सांगतो. चुकली त सांग."

तिनं भाकर उलटली.

"पेटी चढाच्या जागेवर गेली, कारण दुसऱ्या कोणत्याच जागी माणूस पायानं उतरू शकत नाई. तिथी गाडी हळू होते हे मालकाले माहीत नाई, घनश्यामले माहीत नाई. तो या गाडीत कधी बसलाच नाई. ज्यानं केलं त्याले देवानंदचा पाय माहीत होता. घरच्या माणसाले. बरोबर?"

भाकर फुगली. तिनं ती काढली नाही.

"उतरल्यावर फाळका उघडा सोडला असता त आपटला असता, देवानंदनं गाडी थांबवली असती. म्हून चालता चालता फाळका वर केला, कडी लावली. पण साखळीले पीळ दिला. चोरी करतानीही हमालाचा हात आपलं काम इसरला नाई. घरचं माणूस अन् गोदामचा हमाल. असं एकच आहे."

"डोक्याचं सांगा," ती म्हणाली. भाकर जळायला लागली होती.

"ते त बकऱ्यांनी सांगतलं. दहा एकतीस. तू ताडपत्रीखाली पडून होती. त्यानं ब्रेक दाबला, तू जाऊन केबिनच्या पत्र्यावर आदळली. शटरचं नाव कशाले घेतेस?"

ती उठली. कोपऱ्यातल्या कणगीवरचं सूप बाजूला केलं. आत पेटी होती, सील न फोडलेली. झाकणावर छापील चिठ्ठी: गुणवंत-१.

मग तिनं आढ्याकडे बोट केलं. धुरानं काळ्या झालेल्या वाशाला लोंब्यांच्या जुड्या टांगल्या होत्या. पंधरा. प्रत्येकीला लाल दोरा.

"नऊ माह्या बहिणीच्या हातच्या. कमळाबाई दरसाल धानाच्या बांधीत, उभ्या पिकात फिरे. बारीक दाण्याची, न लोळणारी लोंबी दिसली का दोरा बांधे. लोक म्हणत, येडी झाली, धानाले राखी बांधून राह्यली. नऊ सालं. मंग ते गेली. सहा मी धरल्या, अर्ध्या एकरात. मालक म्हणे, कुंता, दोन पायल्या दे, पाहू कसं येते. देल्या." तिचा आवाज चढला. "मंगळवारी म्हणते, पेटी चढव. चढवली. चिठ्ठी वाचली. त्याचं नाव! बांधीत एक दिवस पाय नाई ठेवला त्या माणसानं. मले काई सुचलं नाई, बाई. घरी जातो म्हणाली अन् ताडपत्रीखाली जाऊन पडली. पुढं काय कराचं तेही मालूम नव्हतं."

"मंग तिथी काऊन उतरली?"

"मले तिथीच उतरता येत होतं." ती खाली बसली. "भाऊजी तिथी पाय उचलतेत ना. तिच्यासाठी उचलतेत. मी तिच्या नावानं उतरली."

"अन् देवानंदवर आळ आला तवा?"

"आजच जाणार होती सांगाले. पण भाऊजी बोलतच नाई. मी दारात उभी राह्यली, त माह्याकडं पाहून म्हणाले, कुंता, ते गेली. मी म्हटलं, कोण? बोललेच नाई."

ते गेली. मी उंबऱ्यावरून उठले. इतवारीचं वाक्य आठवलं होतं: जे बसलं असंल ते उतरते.

६

शुक्रवारी सकाळी गुणवंतरावांच्या ऑफिसात मी पेटी टेबलावर ठेवली. शेजारी पंधरा जुड्या ठेवल्या.

ते खुर्चीतून अर्धे उठले. "सापडली! कोण होता?"

"चोर सापडला, भाऊ. पोलीस बोलवा."

"आता माल भेटला..."

"नाई, बोलवाच. पोलीस पहिलं काय इचारतील? माल कोणाचा? तुम्ही सांगाल माझा. मंग ते इचारतील, कोणत्या बांधीत काढला, कोणत्या साली, कोणाच्या हातानं? तवा मी ह्या जुड्या दाखवतो. पंधरा सालं. तुमच्यापाशी काय आहे? एक चिठ्ठी."

"कंपनीनं वाढवलं बियाणं," ते म्हणाले. "आमचं शेत, आमचं पाणी."

"वाढवलं. काढलं नाई. पोरगी तुमच्या घरी जेवली म्हून तुम्ही तिचे बाप होत नाई."

दारात उभा घनश्याम खर्रा चघळायचा थांबला. गुणवंतराव माझ्याकडे, मग जुड्यांकडे बघत राहिले. लाज त्यांच्या चेहऱ्यावर दिसली नाही. हिशेब दिसला. तो मला पुरेसा होता. मी कुणाचं मन बदलायला गेले नव्हते.

"काय पाह्यजे?"

"नवी चिठ्ठी. कमळा नान्हे. केंद्रात पेटी कुंता देईल, सही तिची. गाडी तुमची, ड्रायव्हर देवानंद. आजच नाई, पुढंही."

"पुढच्या हंगामाले पाहून घेईन तुम्हाले."

"पाहा ना. आरशात पाह्यलं तरी मी दिसंन."

चाव्या त्यांनी टेबलावर फेकल्या. घनश्यामनं त्या उचलून माझ्या हातात दिल्या, आणि जाता जाता पेटीवरची चिठ्ठी नखानं खरवडायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं.

७

दहा वाजता पिकअप निघाली. केबिनमध्ये आम्ही तिघं: देवानंद, मधे मी, खिडकीशी कुंता, मांडीवर पेटी. मागे काहीच नव्हतं. ताडपत्री घडी करून ठेवली होती. निघताना कुंतानं फाळका लावला, साखळी उचलली, पीळ द्यायला मनगट फिरवलं.

"राहू दे," देवानंद म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "पीळ नको देऊ."

तिनं नुसती कडी अडकवली.

नागभीड मागे पडलं. साग सुरू झाला. मी म्हणाले, "देवानंद, मंगळवारी तिथी काय झालं, ते आता सांग."

त्यानं एक खड्डा चुकवला.

"गाडी हलकी झाली, बाई." त्याची नजर रस्त्यावरच. "सहा साल झाले, तिथी पाय उचलला का मले मांगं वजन आल्यासारखं वाटे. चढ आहे, गाडी जड होतेच, मले का समजत नाई? पण वाटे. मंग सिंदेवाहीपर्यंत मी खड्डे चुकवत जाओ. येतानी गाणं म्हणो. तिले आवडे ते. कोणाले सांगणार? अन् त्या दिवशी गोटा टाकला, अन् मांगं साखळी वाजली. गाडी हलकी झाली. उतरली. मी समजलो, कटाळली. किती दिवस बसंल मांगं? तिचं बियाणं त्याच्या नावानं घेऊन जाऊन राह्यलो, मी चिठ्ठी वाचली होती ना सकाळीच. वाचून गुमान गाडी काढली. म्हून उतरली."

कुंता खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

"पेटी गेली त गेली," तो म्हणाला. "ते उतरली, हे कोणाले सांगू?"

सत्तावीस वर्षांत मी कितीतरी माणसांना रडताना पाहिलं आहे, परीक्षेत नापास झाल्यावर, पहिला अपघात झाल्यावर. तेव्हा मला बोलता येतं. आता बोलली कुंता.

"भाऊजी, ते मी होती."

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडेच.

"साखळी मी लावली. पेटी घेऊन मी उतरली. पाठीमागून तुमचा हात पाह्यला, गोटा टाकतानी. आवाज देणार होती, पण तिथी आवाज देत नाई ना कोणी."

"तू?"

"हव."

"मंग..." त्याचा हात काचेपाशीच्या गोट्यांकडे गेला. "मंग ते नाई उतरली?"

कुंतानं माझ्याकडे बघितलं. अशा प्रश्नाचं उत्तर माझ्या तक्त्यावर नाही. मी शिकलेली, शब्दकोश खाल्लेली बाई. वाघानं नेलेली माणसं गाडीत बसत नाहीत हे मला माहीत आहे. मी म्हणाले, "नाई. उतरली ते कुंता. दुसरं कोणी उतरलं नाई."

समोर चढ आला.

त्याचा पाय उठला. मी खाली बघितलं नाही, मला ते अंगातून कळतं. इंजिनचा सूर उतरला. शिकवणाऱ्याच्या सवयीनं माझा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर गेला होता. तो मी मागे घेतला. चाळीस. तीस. टायरचा आवाज गेला, पाचोळा ऐकू आला. वीस, बारा. पहिला गिअर.

काचेपाशी सात गोटे होते. त्यानं एक उचलला, एक मला दिला, एक कुंताला. काटा सहावर आला. ढीग उजवीकडून येऊ लागला, चालणाऱ्या माणसासारखा, हळू. त्यानं गोटा टाकला. मी त्याच्या पुढून हात काढून टाकला. कुंतानं पेटी एका हातानं सांभाळत, आमच्या दोघांवरून वाकून टाकला. दगडावर दगड, तीनदा.

मागे साखळी वाजली. खण्, एकदाच. पीळ नव्हता, खड्डा होता.

गाडी जड झाली. चढ होता.

देवानंदच्या ओठांवर काहीतरी आलं, गाण्याची पहिली ओळ असावी. केबिनच्या मधोमध, माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर आरसा होता. मी आयुष्यभर हजारो माणसांना त्यात बघायला लावलं.

मी समोर रस्त्याकडे बघत राहिले.